गिरणगावातली दादागिरी संपाने जन्माला घातली का?

सातरस्ता

मुंबईतल्या टोळ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं: संप फसला, गिरणी कामगारांची पोरं बेकार झाली आणि हातात घोडा, म्हणजे पिस्तूल, घेऊन टोळ्यांत शिरली. मी सातरस्त्याच्या अलीकडे चाळीत वाढलो. वडील गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर, मोठे काका रिंगखात्यात, म्हणजे सूतकताईत. त्यामुळे हे वाक्य मला लागतं. ते पूर्ण खोटं नाही. पण १८ जानेवारी १९८२ ही गिरणी संप सुरू झाल्याची तारीख सगळ्याची सुरुवात धरली की त्याआधीची शंभर वर्षं गायब होतात आणि आज लालबाग-परळच्या चाळींत चालणारी दमदाटी कुठून आली तेही कळेनासं होतं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं आहे. गिरणगावात दादा पहिल्यापासून होता. इथल्या माणसाला काम हवं असो, कर्ज हवं असो की डोकं टेकायला जागा, सरळ मार्गाने काहीच मिळत नसे. मध्ये कुणीतरी उभा असायचा. संपाने त्या मधल्या माणसाला रिकामी पोरं पुरवली आणि गिरण्यांच्या जमिनींनी पैसा पुरवला. पण तो माणूस आधीपासून तिथेच होता.

गिरणीच्या दारापासून बघू. कावसजी दावरांनी १८५४ला कंपनी काढली आणि १८५६ला ताडदेवला पहिली गिरणी सुरू झाली. पुढची कित्येक दशकं रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुण्याकडून माणसं येत राहिली. मालक त्यांना स्वतः कामावर घेत नसे. घ्यायचा तो मुकादम, ज्याला गिरणीत जॉबर म्हणत. पहाटे भोंग्याच्या आधी दाराशी बदलीवाल्यांची, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी काम मागणाऱ्यांची, गर्दी जमायची आणि त्यातल्या कुणाला आत सोडायचं हे तो ठरवायचा. त्यासाठी त्याला दस्तुरी, म्हणजे दलाली, द्यावी लागे. गावाकडून माणसं तोच आणायचा, गाळ्यात पथारीपुरती जागा तोच बघून द्यायचा, अडीनडीला उसने पैसेही तोच द्यायचा नाहीतर सावकाराशी गाठ घालून द्यायचा. अशा माणसाची नाक्यावर वट असणारच. तालमीतली पोरं त्याच्या शब्दाबाहेर नसायची. आणि संप झाला की दोन्ही बाजूंना त्याची गरज लागे, मालकांना संप फोडायला आणि युनियनला संपफोड्यांना अडवायला. १९२८चा सार्वत्रिक संप सहा महिने चालला. लाल बावट्याची, म्हणजे कम्युनिस्टांची, गिरणी कामगार युनियन त्यातूनच उभी राहिली, पण त्या संपातही नाक्यानाक्यावरच्या दादांचं वजन कुणाला टाळता आलं नाही.

दुसरा मधला माणूस म्हणजे सावकार. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दाराशी काठी घेऊन उभा राहणारा पठाण जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो. फेब्रुवारी १९२९च्या दंगलीला हिंदू-मुसलमान असं नाव पडलं, पण ती पेटली ती या वैरातून. तेल कंपन्यांच्या संपात संपकऱ्यांच्या जागी पठाणांना आणलं होतं, वर मुलं पळवल्याच्या अफवा उठल्या. कर्ज, संप आणि धर्म यांची अशी गुंतागुंत या शहरात पुढेही पुन्हा पुन्हा झालेली दिसते.

मग कायद्यांनी नवी मधली माणसं तयार केली. १९४९चा दारूबंदी कायदा आला आणि खाडीकाठच्या हातभट्ट्या सुरू झाल्या. टायरच्या ट्यूबमधून दारू शहरभर जाऊ लागली. भट्टीवाला, ती पोचवणारा, नाक्यावरचा अड्डा आणि तो चालू राहावा म्हणून जाणारा हप्ता अशी साखळी तयार झाली. वरदराजन मुदलियारचं साम्राज्य याच धंद्यावर उभं राहिलं. चीन युद्धाच्या काळात सोन्यावर निर्बंध आले, १९६८ला सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, त्यातून हाजी मस्तानसारख्यांना गोदीवरचा सोन्याचा धंदा मिळाला. मटक्याचा तर उगमच कापसात आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद होत्या भावावर आकडे लागायचे. तो भाव येणं बंद झालं तेव्हा साठच्या दशकात वरळीत मडक्यातून चिठ्ठ्या काढायला सुरुवात झाली. आकडा लावणाऱ्यांत गिरणी कामगार मोठ्या संख्येने होते.

आता मला सांगा, यात १९८२ कुठे आहे? गिरण्या तिन्ही पाळ्यांत धडधडत होत्या तेव्हाच हे सगळं उभं होतं.

आणखी दोन गोष्टींचा उल्लेख न करता पुढे जाणं मला प्रामाणिक वाटत नाही. एक, १९४६चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्याने एका उद्योगात एकाच युनियनला बोलणी करायचा हक्क दिला. कापड गिरण्यांत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे गेला. कामगारांचा त्या संघावर विश्वास उरला नाही तरी करारावर सही त्याचीच चालायची. भांडायचा सरळ रस्ता असा अडवला की माणसं दुसरा रस्ता शोधतात. दुसरी गोष्ट, ५ जून १९७०. परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा लालबागमध्ये खून झाला. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या आणि हरल्या. वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. त्या खुनाने गिरणगावाला जो धडा मिळाला तो फार वाईट होता. विरोधक संपवला तरी मतपेटीत त्याची किंमत मोजावी लागत नाही, हे सगळ्यांनी पाहिलं.

देवगडची_लेक

सातरस्ता, मांडणी आवडली. पण एक गोष्ट मला आधी बोलायची आहे, कारण ती दर वेळी मागे पडते.

संपावर अडीच लाख कामगार गेले. म्हणजे अडीच लाख घरं. सगळ्या टोळ्यांतली पोरं एका मैदानात उभी केली तरी त्या आकड्याच्या पासंगाला पुरायची नाहीत. मग बाकीच्यांनी काय केलं? त्यांच्यावर कुणी मालिका काढत नाही.

माझे बाबा संपाच्या पहिल्या पावसाळ्यात गावी आले. आमच्या वाडीत त्या वर्षी निम्मे पुरुष असेच आले होते. लावणीला इतकी माणसं वाडीने कधी पाहिली नव्हती, असं आजी सांगायची. संप इतके महिने टिकला तो गावच्या तांदळावर आणि बायकांच्या कष्टांवर. पुढे बाबा परत गेले आणि एका इमारतीत वॉचमन झाले. साचा चालवणारा माणूस रात्रभर फाटकाशी बसायचा. मामाने वडापावची गाडी लावली. आई पापड लाटायची, दुसऱ्यांच्या घरी पोळ्या करायची. माझ्या मोठ्या भावाची शाळा सुटली, तो एका छापखान्यात लागला. यातल्या कुणी चाकूही हातात धरला नाही.

खानावळवाल्या बायकांबद्दलही लिहायला हवं. एकट्याने राहणाऱ्या कामगारांना जेवू घालणाऱ्या या बायका उधारीवर किराणा आणायच्या आणि सावकाराच्या व्याजात पिचायच्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ला अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. म्हणजे तुमचा तो 'मधला माणूस' बाजूला सारता येतो हे याच गिरणगावात बायकांनी दाखवलं आहे. गुन्हेगारीची मुळं शोधताना जिथे ती रुजली नाहीत तेही बघू या.

सातरस्ता

ताई, हा मुद्दा मूळ लेखातच यायला हवा असा आहे. संपकरी म्हणजे गुंडांचे बाप अशी जी प्रतिमा झाली आहे तिचं मलाही फार दुःख आहे. टोळीत गेली ती मूठभर पोरं. प्रश्न असा की त्या मूठभरांचं राज्य बाकीच्यांवर कसं चाललं.

वरळी_बीडीडी

आमच्या आजोबांना साचेखात्यात कधीच घेतलं नाही. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचं टोक तोंडाने ओढून घ्यावं लागे आणि महाराने तोंड लावलेला धोटा दुसरा कुणी धरणार नाही, म्हणून दलितांना ते खातं बंद. पगार साच्यावर जास्त. आजोबा रिंगखात्यातच राहिले. एकाच छपराखाली हे दशकानुदशकं चालू होतं आणि लाल बावट्यालाही ते मोडून काढता आलं नाही.

मी हे सांगतोय कारण 'गिरणगावातली हिंसा' म्हटलं की लोकांना फक्त टोळ्या आठवतात. आम्हाला जानेवारी १९७४ आठवतो. वरळीच्या बीडीडी चाळींत दलित पँथरच्या सभेवर दगड आले आणि मग कित्येक दिवस एका चाळीने दुसऱ्या चाळीवर हल्ले केले. मोर्च्यात पँथरचा भागवत जाधव मारला गेला. त्या चाळींत पोलिसांचीही घरं होती. पोलीस कुणाच्या बाजूने उभे राहिले याची चौकशी करायला भस्मे आयोग नेमावा लागला. गच्चीवरून दगड टाकायला शिकलेली, नाक्यानाक्यावर 'आपला' आणि 'त्यांचा' असा हिशेब करणारी एक पिढी तेव्हाच तयार झाली होती. दहा वर्षांनी टोळ्यांना पोरं कमी पडली नाहीत, यात नवल वाटू नये.

पोलिसांचं आणखी एक. १८ ऑगस्ट १९८२ला मुंबईचे पोलीस शिपाईच रस्त्यावर उतरले होते, लष्कर बोलवावं लागलं. गिरणी संप चालू असतानाची ही गोष्ट. शिपाई आणि कामगार एकाच जिल्ह्यातले, एकाच मापाच्या खोलीत राहणारे, कित्येकदा एकाच घरातले. सरकार तेव्हा खरोखर घाबरलं होतं. संप चिरडताना जो कडवेपणा दिसला त्यामागे ही भीती होती असं माझं मत आहे.

नागपाडा_जंक्शन

मी मदनपुऱ्याचा. आमचे पूर्वज उत्तरेतले विणकर, मोमीन. इथे येऊन गिरण्यांत विणाईच करू लागले. गिरण्या बंद पडल्यावर आमच्याकडची किती तरी माणसं भिवंडीला यंत्रमागावर गेली. कापड तेच, पण युनियन नाही, हजेरीपट नाही, पगारही निम्म्यावर. तुमच्या-आमच्या घरांची कहाणी इतकी सारखी आहे.

तरी १९९३ नंतर टोळ्यांना धर्म चिकटवला गेला. त्याआधी गिरणगावातल्या टोळीचा रमा नाईक आणि दाऊद यांच्यात मैत्रीही होती आणि वैरही, छोटा राजन तर दाऊदच्याच टोळीत होता. बॉम्बस्फोटांनंतर 'हिंदू डॉन' आणि 'मुस्लिम डॉन' अशी वाटणी झाली. जी माणसं दोन्हीकडच्या दुकानदारांकडून सारखीच खंडणी घेत होती त्यांना आपापल्या वस्तीचे रक्षक म्हणून मिरवता आलं. याचा आम्हाला दुहेरी त्रास झाला. टोळीचा त्रास तर होताच, वर सगळ्या मोहल्ल्याला टोळी समजण्याचा.

दाऊदचे वडील पोलीस हवालदार, मूळ गाव खेड तालुक्यातलं. म्हणजे जिथून निम्मं गिरणगाव आलं तो रत्नागिरी जिल्हा. भूक, गोदी, अरुंद खोल्या आणि पोलीस खातं यांनी या शहरात जे घडवलं ते धर्म बघून घडवलं नाही.

करी_रोड_जुना

मी गिरणीच्या हिशेबखात्यात होतो. जमिनीबद्दल लिहितो, कारण माझ्या मते खरा स्फोट तिथे झाला.

संपानंतर गिरण्या लगेच बंद पडल्या नाहीत. काही सुरू झाल्या, अर्ध्यामुर्ध्या माणसांत चालत राहिल्या. पण मालकांच्या डोळ्यांसमोर आता यंत्रं नव्हती, त्यांच्याखालची जमीन होती. मुंबईच्या मधोमध सहाशे एकर. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या नियमाने ती विकायला वाट दिली, पण तीन वाटे घातले. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. विक्रीतून कामगारांची देणी द्यायची, गिरणी नीट चालवायची, असं सगळं कागदावर होतं.

मात्र जमीन विकायची तर कामगारांनी गप्प बसायला हवं आणि युनियनने सही करायला हवी. इथे टोळ्यांना काम मिळालं. गिरणीच्या दाराशी अनोळखी पोरं उभी राहू लागली. युनियनच्या निवडणुकीत कुणी उभं राहायचं नाही याचे निरोप घरी यायचे. स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जावर माणसं मान खाली घालून सही करत होती, ते मी टेबलाच्या या बाजूने पाहिलं आहे.

मे १९९४मध्ये खटाव मिलचे सुनीत खटाव महालक्ष्मीजवळ भरदिवसा गोळ्या घालून मारले गेले. भायखळ्याची गिरणी हलवून जमीन मोकळी करण्याचा बेत, त्यात एका टोळीची मदत घेतल्याचा आरोप आणि विरोधी टोळीकडून खून, हे सगळं तेव्हा वर्तमानपत्रांत सविस्तर आलं होतं. १६ जानेवारी १९९७ला पवईत संपाचे नेते डॉक्टर दत्ता सामंत गोळ्या घालून मारले गेले. संपाच्या पंधराव्या वर्धापनदिनाला दोनच दिवस उरले होते. त्यांच्या अंत्ययात्रेला लोटलेली माणसं पाहून वाटलं, संप हरलेली ही माणसं डॉक्टरांना कधीच सोडून गेली नव्हती.

टोळ्यांच्या बाजूने बघा. नव्वद साली सुवर्ण नियंत्रण कायदा गेला, पुढे आयात खुली झाली, तस्करीत राम उरला नाही. त्याच सुमारास जमिनीचे भाव आभाळाला भिडले. मग माणसं खंडणीकडे आणि जमिनीकडे वळली. आता मूळ लेखातला मुद्दा मला पुरता पटतो. दारूबंदीने जो माणूस मोठा केला त्यालाच शेवटी जागेच्या धंद्याने श्रीमंत केलं.

२००१ला नियम बदलला. तीन वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे करायचे, बांधलेल्या भागाचे नाही, असं ठरलं. म्हाडा आणि उद्यानांच्या वाट्याला तुकडे उरले. २००६ला सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. घरासाठी अर्ज केलेल्या कामगारांची आणि वारसांची संख्या दीड लाखाच्या वर आहे आणि घर मिळालेले त्यातले थोडे. बाकीच्यांना आता शेलू-वांगणीच्या जागा दाखवतात. ज्या जमिनीवर चार पिढ्या राबल्या तिथून कर्जतच्या रस्त्याला! यात गोळी कुणी झाडली नाही, म्हणून ही हिंसा नाही असं मी तरी म्हणणार नाही.

वरळी_बीडीडी

करी रोड काका, पोलीस चकमकींचंही यायला हवं. गुंड मन्या सुर्वेला वडाळ्यात ११ जानेवारी १९८२ला मारलं, संपाच्या आधी एकच आठवडा. तिथून सुरू झालेली वाट नव्वदच्या दशकात इतकी रुंद झाली की वर्तमानपत्रं अधिकाऱ्यांच्या नावापुढे आकडे छापू लागली. टोळीवाला बाबू रेशीम १९८७ला पोलीस कोठडीत असताना मारला गेला, रमा नाईक १९८८च्या चकमकीत. आमच्या चाळीत लोक सुटकेचा श्वास टाकायचे हेही खरं. पण लखनभैय्याच्या २००६च्या खोट्या चकमकीत पुढे पोलिसांनाच जन्मठेप झाली, तेव्हा कळलं की सुपारी घ्यायला खाकीही पुढे होती. १९९९ला मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, आला. टोळ्या मोडल्या त्या मुख्यतः चकमकींनी की खटल्यांनी, यावर माझं मत खटल्यांच्या बाजूने आहे. अरुण गवळी २००४ला चिंचपोकळीतून आमदार झाला, आणि एका नगरसेवकाच्या खुनासाठी २०१२ला त्याला जन्मठेप झाली ती साक्षीपुराव्याने, न्यायालयात.

सिद्धेश्वर_पेठ

सोलापूरहून लिहितोय. आमच्याही गिरण्या गेल्या. 'जुनी मिल' नावाची गिरणी मुंबईच्या संपाच्या कितीतरी आधी बंद पडली, बाकीच्या नंतर. घरोघरी हलाखी आली, बायका विड्या वळून घर चालवू लागल्या. तरी मुंबईसारखी टोळीयुद्धं इथे झाली नाहीत. बेकारी हेच मूळ असेल तर आमच्याकडे का नाही?

सातरस्ता

हा प्रश्न कुणीतरी विचारावा असं मला वाटतच होतं. त्यासाठी अहमदाबादही शेजारी ठेवू या.

सोलापुरात गिरणीची जमीन बंद पडल्यावर सोन्याच्या भावाची झाली नाही. बंदर नाही, त्यामुळे तस्करीतून आलेला पैसा आणि हत्यारं आधीपासून हाताशी असलेल्या टोळ्या नाहीत. बेकारी तेवढीच, पण तिच्यावर पैसे लावणारा कुणी नाही.

अहमदाबादमध्ये गांधी आणि अनसूयाबेन साराभाईंच्या काळापासून मजूर महाजन ही कामगार संघटना होती, लवादाने भांडणं मिटवायची रीत होती. ऐंशीच्या दशकात तिथल्याही गिरण्या धडाधड बंद झाल्या, लाखभर माणसं घरी बसली. तिथे बंदर नाही, पण दारूबंदी आहे, आजही. आणि तिथे उभा राहिला तो अब्दुल लतीफ, दारूच्या धंद्यातून वर आलेला. १९८७ला तो तुरुंगातून पालिकेची निवडणूक पाच प्रभागांत लढला आणि पाचही जिंकला. त्याच काळात तिथे दंगलीही झाल्या. म्हणजे बेकारी तिन्ही शहरांत आली, पण जिथे कायद्याने बंद केलेल्या वस्तूचा धंदा आधीच चालू होता तिथेच टोळी मोठी झाली. मुंबईत त्यात जमिनीची भर पडली.

म्हणून मला आज जास्त काळजी वाटते ती पुनर्विकासाची. भाडेनियंत्रण कायद्याने १९४७पासून भाडी गोठली, मालकाने डागडुजी सोडली, पागडीवर, म्हणजे भाडेहक्कासाठी एकरकमी पैसे घेऊन, खोल्या फिरत राहिल्या, चाळी मोडकळीला आल्या. आता प्रत्येक चाळीत संमतीपत्रं गोळा करणारा एक माणूस फिरतोय. तो कधी कमिटीचा असतो, कधी पक्षाचा कार्यकर्ता, कधी जुन्या टोळीतला. सही न देणाऱ्या म्हातारीच्या घराचं पाणी तोडलं जातं. संक्रमण शिबिराचं भाडं थकलं तर जायचं कुणाकडे? परत त्याच माणसाकडे.

देवगडची_लेक

आमच्या चाळीत हेच चालू आहे. विकासक कोण ते अजून कुणी धड सांगत नाही, पण सह्या मागायला येणारा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा. बायकांनी मिळून ठरवलं आहे की एकटीच्या घरात कुणीही सही करायची नाही. कराराचा मसुदा मराठीत मिळेपर्यंत, तो वकिलाने सगळ्यांसमोर वाचून दाखवेपर्यंत आणि भाड्याची बँक हमी कागदावर येईपर्यंत कुणाचंही संमतीपत्र जाणार नाही. गेल्या बैठकीला त्या माणसाचा आवाज चढला, तेव्हा समोरच्या खोलीतल्या आजी उठून दारात उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान शेवटपर्यंत संपावर होते.

इतर चाळींत कुणी असा मसुदा वकिलाकडून तपासून घेतला असेल तर कृपया इथे लिहा. बँक हमी किती महिन्यांची मागितली आणि पुढे काय झालं, एवढं कळलं तरी पुढच्या रविवारच्या बैठकीला उपयोग होईल.